हवामानाची फाइल कोणाच्या टेबलावर?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने एक मसुदा प्रसिद्ध केला. हवामान बदलाच्या जोखमीकडे संचालक मंडळात कोण लक्ष देतं, वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी कोणावर कोणती जबाबदारी आहे, हे बँकांनी जाहीरपणे सांगावं, असं त्यात म्हटलं आहे. धोरण, जोखीम व्यवस्थापन आणि मोजमापं यांच्याही आधी मान दिलाय तो कारभाराला. तो क्रम अगदी योग्य आहे. बँकेत ज्या कामाला धनी नसतो, ते काम मार्चअखेरीच्या धांदलीत सगळ्यात आधी बाजूला पडतं.

मग हाच प्रश्न मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात जाऊन विचारायला हवा.

एप्रिल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँक जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या ‘एनजीएफएस’ या हरित वित्ताच्या गटाची सदस्य झाली. पुढच्याच महिन्यात तिच्या विनियमन विभागात ‘सस्टेनेबल फायनान्स ग्रुप’ सुरू झाला. बँकेचं काम तेव्हापासून पुढे सरकलं आहे, हे मान्यच करायला हवं. जुलै २०२२ मध्ये चर्चापत्र आलं, जून २०२३ पासून हरित ठेवींचे नियम लागू झाले, आणि हवामानाच्या माहितीचं भांडार उभारण्याची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली.

पण हा विषय एका विभागात मावणारा नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोसह भाज्या कडाडल्या आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, तो प्रश्न पतधोरण विभागाचा. पुरानंतर बँकांची कर्जखाती तपासायची ती पर्यवेक्षण विभागाने. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा अधिकार विभागातल्या एका गटाकडे कसा असणार? केंद्रीय संचालक मंडळाला लेखापरीक्षण व जोखीम, मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान, व्यूहरचना, इतकंच काय, इमारतींसाठीही उपसमिती आहे. हवामानासाठी नाही.

बँक ऑफ इंग्लंडचं वागणं इथे पाहण्यासारखं आहे. एप्रिल २०१९ मध्ये तिने आपल्याकडच्या बँका आणि विमा कंपन्यांना बजावलं की, हवामान-जोखमीची जबाबदारी एका ठरावीक वरिष्ठ अधिकाऱ्यावर टाका. जून २०२० मध्ये तिने स्वतःच्याही हवामान-जोखमीचा अहवाल काढला. आपल्याकडे हे काम कोण पाहतं, आपल्या रोख्यांमागे किती कार्बन आहे, सगळं त्यात मांडलं. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जानेवारी २०२१ मध्ये हवामान केंद्र उभारायचं ठरवलं. माणसं जेमतेम दहा, पण त्यांनी उत्तर द्यायचं ते थेट अध्यक्षा ख्रिस्तीन लगार्द यांना. माझ्या मते माणसांच्या संख्येपेक्षा हे महत्त्वाचं. उलट अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जानेवारी २०२५ मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेण्याच्या तीन दिवस आधी, ‘एनजीएफएस’ सोडल्याचं जाहीर केलं.

आता आपल्या शिवारात या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, सोलापूरकडची उभी पिकं पाण्यात गेली. अशा वेळी काय होतं, हे कुठल्याही शाखाधिकाऱ्याला विचारा. आधी पंचनामे. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं की राज्यस्तरीय बँकर्स समितीत चर्चा, मग शाखांना निरोप आणि शेवटी पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे एका हंगामाचं कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांवर. या सवलतींचे २०१८ चे निर्देश काढले होते वित्तीय समावेशन विभागाने. हवामान-जोखीम जाहीर करण्याचा मसुदा मात्र विनियमन विभागाचा. विषय पावसाचाच, पण फायली दोन.

शिवाय त्या मसुद्यातून ग्रामीण बँका वगळल्या आहेत. सहकारी बँकांपैकी त्यात आहेत त्या फक्त चौथ्या श्रेणीतल्या, दहा हजार कोटींहून जास्त ठेवींच्या नागरी बँका. विकास सोसायट्यांमार्फत पीककर्ज देणाऱ्या जिल्हा मध्यवर्ती बँका यादीतच नाहीत. लहान बँकांवर कागदांचा बोजा नको, हे पटतं. पण मुंबईत मुख्यालय असलेल्या बड्या बँकेने जोखीम जाहीर करायची आणि जिच्या खातेदाराचं सोयाबीन दर दोन-तीन वर्षांनी कुजतं तिला सूट, ही रचना मला मुळीच मान्य नाही. जिल्हा बँकेला हे मोजणं झेपत नसेल तर रिझर्व्ह बँक आणि नाबार्डने मिळून ते मोजावं. त्यासाठी सगळ्या विभागांवर हात ठेवू शकेल असा कोणीतरी लागेल.

तो डेप्युटी गव्हर्नरच्या दर्जाचा असावा आणि त्याचं नाव जाहीर व्हावं. केंद्रीय मंडळाने उपसमिती नेमावी. बँकांना विचारलेल्या प्रश्नांची स्वतःची उत्तरं रिझर्व्ह बँकेने मेअखेरच्या वार्षिक अहवालात द्यावीत, आणि त्यातच अतिवृष्टी किंवा दुष्काळामुळे वर्षभरात किती पीककर्जांचं पुनर्गठन झालं, त्यातली किती पुन्हा थकली, याचा जिल्हावार तक्ता छापावा.