छत आमचे, काठी आमची

कोकणात डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माझ्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी, जांभ्याच्या जाड भिंतींतून मोबाइलची लहर आत शिरत नाही म्हणून, मुंबईच्या बाजारातून सिग्नल बूस्टर नावाची पेटी आणवली, कौलांवर काठीला एक अँटेना बांधला, माजघरात दुसरा टांगला, आणि आता देवघरातूनही मुलाशी बोलता येते असे मोठ्या समाधानाने मला कळवले. ही वस्तू विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे असे मी भीतभीतच निदर्शनास आणले, तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले तोच या विषयातील सर्वत्र ऐकू येणारा पूर्वपक्ष असल्यामुळे तो येथे नोंदवतो: छत आमचे, काठी आमची, वीज आमची, कंपनीचे बिलही वेळेवर भरतो, मग हवेतून आपसूक वाहणारी लहर जरा ओढून घेतली तर कोणाचे काय गेले?

या युक्तिवादाचे मूळ असे की तो बूस्टरला पन्हळ समजतो. वळचणीचे पाणी पन्हळीने आपल्या हंड्यात घेतल्याने शेजाऱ्याचा हंडा रिता राहत नाही, हे नभोवाणीच्या बाबतीत खरे होते, कारण रेडिओ केवळ ऐकतो. मोबाइल मात्र ऐकतो तसा बोलतोही, आणि बूस्टर टॉवरकडून येणारी लहर जशी वाढवतो तशीच घरातून टॉवरकडे जाणारी लहरही वाढवतो. टॉवरचा कान ही साऱ्या पंचक्रोशीची सामायिक मिळकत होय. एका वॅटच्या अब्जांशाचा दहाहजारावा भाग, किंवा त्याहूनही क्षीण, अशी लहर टिपण्यासाठी तो बसवलेला असतो, आणि म्हणूनच टॉवर प्रत्येक फोनला क्षणोक्षणी ‘हळू बोल’, ‘मोठ्याने बोल’ असे हुकूम सोडत असतो व फोन ते निमूटपणे पाळतो. बाजारातली स्वस्त पेटी असला कोणताही हुकूम जाणत नाही. ती शब्दांबरोबर स्वतःची खरखरही त्या कानात ओतत राहते, आणि टेकडीपलीकडल्या वाडीत आधीच अंधुक लहरीवर तगून असलेल्या एखाद्या म्हातारीचा फोन लागेनासा होतो. तिला बिचारीला त्याचे कारण कधीच कळत नाही.

याहून वाईट प्रकार आणखी एक आहे. कीर्तनात कर्णा बुवांच्या समोर आला म्हणजे बुवांनी तोंड उघडण्यापूर्वीच तो किंचाळू लागतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. बूस्टरचेही तसेच होते. पेटी ७० डेसिबलची असेल तर ती लहरीची शक्ती एक कोटीपट वाढवते. तेव्हा आतला अँटेना व बाहेरचा अँटेना यांच्यामधला अडसर त्याहून पुष्कळ अधिक असला पाहिजे, नाहीतर आतला आवाज बाहेरच्याच्या कानात शिरून पेटी अखंड किंचाळत बसते. नुसत्या कौलांच्या छपराखाली, चार हातांच्या अंतरात, एवढा अडसर साधणे फार कठीण. फरक इतकाच की बुवांचा कर्णा सभेला ऐकू येतो व कोणीतरी धावत जाऊन तो फिरवतो. ही किंकाळी मात्र घरात कोणालाच ऐकू येत नाही.

‘जास्त डेसिबलची पेटी घेतली म्हणजे झाले’ हा दुकानदारांचा पक्ष फार वेळ देण्याच्या योग्यतेचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जेथे छतावरही लहर नाही तेथे पेटी केवळ खरखर वाढवते, आणि जेथे टॉवरवर गर्दी आहे तेथे पडद्यावरच्या दांड्या भरल्या तरी फोन लागत नाही.

इतके खंडन केल्यावर मी सरकारपक्षाचा वकील आहे असा समज होईल, तो दूर करणे अगत्याचे आहे. १९३३ च्या बिनतारी यंत्रांविषयीच्या कायद्याने विनापरवाना यंत्र बाळगण्यास मनाई केली, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवान्याचा आग्रह सोडलेला नाही, आणि परवानाधारक कंपन्यांखेरीज कोणालाही बूस्टर बसवण्याची मुभा नाही, येथवर ठीक. परंतु जप्ती करून पेटी नेणारा अंमलदार त्या घरातला अंधार काही बरोबर नेत नाही. २०२२ साली केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची तजवीज मंजूर केली, ती स्तुत्यच आहे. पण गाव हे दफ्तरातले एक नाव असते, आणि जांभ्याच्या भिंतीआडचे माजघर कोणत्याही दफ्तरात नसते.

तेव्हा उपाय कोणता? जेथे तारेने इंटरनेट पोहोचले आहे तेथे वायफायवरून फोन करण्याची सोय २०१९-२० पासून मोठ्या कंपन्यांनी दिलेली आहे, तिच्यासाठी पेटी लागत नाही की काठी. माझ्या आप्तांनी अखेर हाच मार्ग पत्करला, जरी काठी अद्याप त्यांनी उतरवलेली नाही. जेथे तार नाही तेथे कंपनीकडे लेखी तक्रार करून तिच्याकडूनच रिपीटर, म्हणजे परवान्यातला बूस्टर, मागावा. पण कंपनी दाद देत नसेल तर? येथे कायद्याने मनाईच्या पुढे एक पाऊल टाकावयास हवे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१३ साली बूस्टरला बंदी न करता मर्यादा घातली: यंत्र किंचाळू लागताच आपोआप बंद पडले पाहिजे, त्याची शक्ती ठराविक असली पाहिजे, ग्राहकाने कंपनीकडे त्याची नोंद केली पाहिजे, आणि कंपनीची संमती हवी. ब्रिटननेही २०१८ साली काही घरगुती रिपीटरांना परवान्यातून सूट दिली. लिलावात कोट्यवधी मोजून लहरी घेणाऱ्या कंपन्या अशी संमती कशी देतील, ही शंका आपल्याकडे लगेच पुढे केली जाते. परंतु अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी ती सरसकट देऊन टाकली आहे, आणि ही सबब सांगण्यापूर्वी आपल्या दूरसंचार विभागाने येथल्या कंपन्यांकडून त्यांचे म्हणणे लेखी मागवून प्रसिद्ध करण्यास हरकत नसावी.