साहाय्याची रीत

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागले, म्हणजे हिरव्या शेतांच्या पलीकडे, आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील मुलांना त्या गावच्या वडाइतक्याच परिचयाच्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही रेडिओ दुर्बीण जीएमआरटी या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. तिला तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ वसल्या आहेत, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. तरीही त्या तीस मिळून एकच डोळा होतात.

मुलांनो, हा डोळा आकाशाचे चित्र आपल्यापुढे आयते ठेवीत नाही. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या रेडिओ लहरींची नोंद आकड्यांच्या रूपाने होते आणि त्या आकड्यांतून चित्र घडवण्याचे काम संगणक करतो. त्यासाठी शास्त्रज्ञ ‘कासा’सारख्या संगणक-प्रणाली वापरतात. कासाच्या साहाय्याने आणखी एक गोष्ट साधते. तबकड्या अमुक रीतीने मांडल्या, तर आकाशातील एखादी वस्तू कशी दिसेल, हे एकही तबकडी न हलवता पडद्यावर पाहता येते. अशा हुबेहूब नकलेला ‘सिम्युलेशन’ असे म्हणतात. डिंभे धरणाचे सर्व दरवाजे एकदम उघडले, तर घोड नदीचे पाणी कोठवर चढेल, हे पाहण्यासाठी कोणी शहाणा माणूस ते खरोखरच उघडणार नाही. ते संगणकाच्या पडद्यावरच उघडून पाहावे लागतात.

अशा शास्त्रीय प्रणाली पुष्कळदा लिनक्सवर चालतात. लिनक्स ही एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाच्या घरातील कारभारी होय. कोणते काम केव्हा करावे, कोणती वस्तू कोठे ठेवावी, हे हा कारभारी ठरवतो. घरोघरचे कारभारी निराळे, तशा त्यांच्या रीतीही निराळ्या. आपल्याला बहुधा विंडोज नावाच्या कारभाऱ्याची सवय असते. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने रचला आणि तो जगापुढे ठेवला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील प्रत्येक संगणक २०१७ सालापासून लिनक्सवरच चालत आला आहे. असे असूनही लिनक्स कोणालाही विनामूल्य घेता येते. तुमच्या वयाच्या मुलांना आवडेल अशी ‘स्टेलेरियम’ ही प्रणालीही विनामूल्यच आहे. आपले गाव आणि हवी ती रात्र निवडली, की त्या रात्रीचे आकाश ती पडद्यावर उभे करते.

मग अडते कोठे? अडते ते उंबरठ्यावर. समजा, घोडेगावच्या एका मुलीला लिनक्स असलेल्या संगणकावर स्टेलेरियम बसवायचे आहे. तिने मिळवलेली फाइल विंडोजसाठी बनवलेली असते, आणि नवा कारभारी ती चालवीत नाही. कोणी सांगते, की येथे आज्ञा टाइप करावी. तीत एक अक्षर चुकते आणि ‘अशी आज्ञा सापडत नाही’ असे इंग्रजी उत्तर येते. पुढे पासवर्ड मागितला जातो. ती कळा दाबते, पण पडद्यावर अक्षर तर राहोच, साधा ठिपकाही उमटत नाही. वास्तविक, शेजाऱ्याला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये, म्हणून अनेक लिनक्स संगणकांवर मुद्दाम अशी योजना केलेली असते. पण हे तिला कोणी सांगितलेले नसते. प्रथम तिला वाटते, कळफलक बिघडला. मग वाटते, आपणच काही बिघडवले. आणि अखेर ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ती उठते. मुलांनो, बिघडलेला संगणक दुरुस्त करता येतो. पण असे म्हणून उठलेले मूल पुन्हा त्या आसनावर बसवणे फार कठीण असते.

अशा वेळी दोन प्रकारचे जाणकार भेटतात. पहिला म्हणतो, “सरक बाजूला.” त्याची बोटे भराभर चालतात आणि पाच मिनिटांत आकाश पडद्यावर अवतरते. मुलगी आनंदते, परंतु शिकत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी अडले, की ती पुन्हा त्याच्याच दारी जाते. दुसरा म्हणतो, “सारे माहितीपत्रकात लिहिले आहे. वाच म्हणजे कळेल.” हा बोलतो ते खोटे नसते, पण पोहू न येणाऱ्याला काठावरून पोहण्याचे नियम ऐकवावे, तसे ते निष्फळ असते. पहिला तिला परावलंबी करतो, दुसरा तिला परत पाठवतो. माझ्या मते या दोघांनाही साहाय्यक म्हणता येणार नाही.

खरा साहाय्यक नवशिक्याच्या शेजारी बसतो, त्याच्या जागेवर बसत नाही. तो आपले हात आवरतो. कळफलकावर बोटे चालतात ती शिकणाऱ्याचीच. तो एका वेळी एकच पायरी सांगतो आणि ती कशासाठी, हेही सांगतो. ‘आता तू पासवर्ड लिहिशील, तेव्हा पडद्यावर काही दिसणार नाही; भिऊ नकोस, लिहीत राहा,’ असे तो आधीच बजावतो. चुकीचा संदेश आला, तर तो घाईने पुसून न टाकता मोठ्याने वाचायला लावतो, कारण दोष कोठे आहे याची खूण बहुधा त्या संदेशातच असते. शेवटी तो साऱ्या पायऱ्या तिच्याच शब्दांत वहीत उतरवायला सांगतो.

तो सावधही असतो. पासवर्ड देऊन दिलेली आज्ञा साऱ्या संगणकावर चालते. म्हणून अर्थ न कळलेली आज्ञा कधी देऊ नये, असे तो शिकवतो. शाळेचा संगणक असेल, तर तो गुरुजींची किंवा बाईंची परवानगी घ्यायला लावतो. लिनक्सचे अनेक प्रकार पेनड्राइव्हवरून तात्पुरते चालवता येतात. तेव्हा संगणकातील जुने काही न पुसता प्रथम ओळख करून घ्यावी, हा सल्ला तो देतो.

कोणी म्हणेल, “एवढा वेळ कोणाला आहे?” आक्षेप खरा आहे. पाच मिनिटांच्या कामाला अशा रीतीने तास लागतो. पण जी मुलगी स्वतःच्या हाताने शिकली, ती उद्या वर्गातील दुसऱ्या मुलाशेजारी बसू शकेल आणि तो तिसऱ्याशेजारी. ज्याच्या हातून काम काढून घेतले, तो मात्र कोणालाच शिकवू शकणार नाही. हा हिशेब मांडला, म्हणजे तो एक तास महाग वाटत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या उपक्रमाची रीत अशीच आहे. त्यात लिनक्सचे व अनेक शास्त्रीय प्रणालींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता आणि पाहता येतात. पाठ थांबवावा, तीच कृती आपल्या संगणकावर करावी आणि मग पुढे जावे, अशी त्यांची योजना आहे.

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांची वाट होता. तेथील कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहायला मिळतात. ज्यांनी ती खोदली, त्यांनी कोणा वाटसरूला खांद्यावर घेतले नाही. घाट ज्याचा त्यानेच चढायचा होता. पण तहानेने व्याकूळ होऊन कोणी अर्ध्या वाटेवरून परतू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. नव्या विद्येच्या घाटातही अशीच टाकी हवी आहेत.

जीएमआरटीने नोंदलेली पुष्कळशी माहिती ठराविक मुदतीनंतर जगातील अभ्यासकांसाठी खुली होते. ती उलगडणाऱ्यांत उद्या ओतूरचा मुलगा आणि घोडेगावची मुलगीही असावी. आपल्या शिवारातील तबकड्यांकडे आपण केवळ दुरून पाहावे, हे बरे नव्हे. तेव्हा मुलांनो, तुम्हाला जे येते ते दुसऱ्याला शिकवताना त्याच्या शेजारी बसा, धीर धरा आणि आपले हात आवरा.