भटकंतीचं दप्तर : स्लीपिंग बॅग घेताना



डिसेंबर उजाडला की शाळेच्या फळ्यावर शिबिराची किंवा गडावरच्या मुक्कामाची सूचना लागते. खाली सामानाची यादी असते : टॉर्च, ताट-वाटी, स्वेटर, स्लीपिंग बॅग. या शेवटच्या शब्दापाशी पुष्कळ घरांत गाडं अडतं. ‘एका रात्रीसाठी एवढे पैसे?’ असं आई म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा तर यादी वाचून नावच देईना. ‘बाई, ती झोपायची पिशवी आमच्याकडे नाही,’ म्हणाला. पिशवी नाही म्हणून कुणी घरी राहायचं का? मुळीच नाही! पण ती काय काम करते, हे आधी कळायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे, स्लीपिंग बॅग ऊब देत नाही. ऊब असते तुमच्या अंगात. बॅग फक्त ती लवकर निसटू देत नाही. बर्फवाला भर उन्हाळ्यात बर्फ कशात ठेवतो? लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात. भुशात अडकून राहिलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. स्लीपिंग बॅगमध्ये हेच उलट चालतं. आतली उष्णता बाहेर जात नाही. थंडीत चिमणी पिसं फुलवून गोल गोल होऊन बसते ना? तीही पिसांमध्ये हवाच धरून ठेवते.

करून पहा : दोन सारख्या पेल्यांत सारखंच कोमट पाणी घ्या. एक पेला कोरड्या टॉवेलात गुंडाळा, दुसरा ओल्या टॉवेलात. अर्ध्या तासाने दोन्हींत बोट बुडवून पाहा. कोरडेपणाची किंमत लगेच कळेल!

आता दुकानात जाऊ. बॅगेच्या आत दोन प्रकारचं भरण असतं. एक म्हणजे बदक किंवा हंसाच्या मोठ्या पिसांखालची मऊ लव. तिला ‘डाऊन’ म्हणतात. ती हलकी आणि फार उबदार, पण महाग. शिवाय भिजली की चिकटून बसते आणि ऊब जाते. दुसरं म्हणजे पॉलिएस्टरचा कृत्रिम धागा. तो थोडा जड आणि गुंडाळल्यावर जागा जास्त खाणारा, पण स्वस्त. ओलसर झाला तरी बरीच ऊब टिकवतो, धुवायलाही सोपा. तुम्हा-आम्हाला हाच बरा.

मग लेबल वाचा. चांगल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तपमानाचे तीन आकडे असतात. दुकानदार बहुधा सर्वांत थंड आकडा मोठ्याने सांगतो. तो ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे जीव कसाबसा वाचेल असा आकडा. तिथे झोप कसली? आपण पाहायचा ‘कम्फर्ट’. त्यातून हे आकडे मोठ्या माणसांसाठी ठरवलेले असतात, म्हणून मुलांसाठी आणखी पाच अंशांची सवलत धरा.

किती थंडीची बॅग हवी? साधारण दर १००० मीटर उंचीला तपमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. तिथे डिसेंबरच्या रात्री वाऱ्यात दात वाजतात, पण बर्फ पडत नाही. उत्तराखंडातलं केदारकंठा सुमारे ३८०० मीटर. तिथल्या हिवाळी मुक्कामात पारा शून्याच्या खाली जातो. सह्याद्रीसाठी ५ अंश ‘कम्फर्ट’ची बॅग बहुतेक वेळा पुरते. हिमालयासाठी मात्र ती चालणार नाही.

आकारही पाहा. चौकोनी बॅगेत पाय पसरता येतात, पण आतली जास्त हवा तापवावी लागते. डोक्याला टोपी असलेली, पायाकडे निमुळती बॅग लवकर उबते. चेनच्या आतून कापडाची जाड पट्टी आहे ना, हे बोटाने चाचपा. नाहीतर चेनच्या फटीतून गार हवा आत शिरते. उंची वाढणार म्हणून मोठी बॅग घेतली, तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून दोरीने बांधा.

आणि खालची चटई विसरू नका! अंगाच्या भाराने पाठीखालचं भरण चेपतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. महागडी बॅग उघड्या कातळावर टाकून झोपणारा कुडकुडतो. साधी बॅग फोमच्या मॅटवर टाकणारा घोरतो! पैसे थोडे असतील तर आधी मॅट घ्या.

आता काटकसरीच्या युक्त्या :

१. शिबिर शाळेच्या खोलीत असेल, तर मॅटवर आजीची गोधडी आणि वर ब्लँकेट पुरे.

२. वर्षातून एकदाच जाणार असाल, तर बॅग भाड्याने आणा किंवा मावसभावाकडून मागून घ्या.

३. आईच्या जुन्या सुती साडीची खोळ शिवून बॅगेत घाला. बॅग मळत नाही, थोडी ऊबही वाढते.

४. झोपण्यापूर्वी घामाचे कपडे बदला, कोरडे मोजे आणि कानटोपी घाला, चार घास पोटभर खा. तोंड मात्र बॅगेबाहेर ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने आतून ओल धरते.

५. घरी आल्यावर बॅग वाळवून सैल ठेवा. वर्षभर घट्ट कोंबून ठेवली, तर भरण चेपून जातं.

पालकांसाठी दोन शब्द : हिमालयातल्या शिबिराला पाठवताना संयोजक बॅग देतात का, हे आधी विचारा. देत असतील, तर ती किती अंशांची आहे हेही विचारा. बर्फात कमी प्रतीची बॅग ही काटकसर नव्हे, धोका आहे. तिथे स्वस्तातली विकत घेण्यापेक्षा चांगली भाड्याने आणलेली बरी.

आणि मुलांनो, रात्री हुडहुडी थांबेना तर लाजून पडून राहू नका. लगेच बाईंना किंवा सरांना उठवा. शेजारचा मित्र कुडकुडत असेल तरीही उठवा.

पुढच्या आठवड्यात पाहू, पाठीवरची सॅक कशी भरायची. तोवर पेल्यांचा प्रयोग करा आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा!