पिल्लाचा डोळा वाचवायचा तर पहिला पैसा तपासणीवर

पाचगणीत पावसाळा लागला की मांजरीची पिल्लं सापडू लागतात. बाजारपेठेत दुकानाच्या फळीखाली, बंगल्याच्या जळणाच्या खोलीत, वसतिगृहाच्या जिन्याखाली, भिलार-खिंगरच्या वाटेवर एखाद्या शेडमध्ये. ओल, गारठा आणि धुक्यात गारठलेल्या अशा पिल्लाचे डोळे पुष्कळदा पिवळ्या घाणीनं चिकटलेले असतात आणि नाक वाहत असतं. त्याला उचलणारा माणूसही बहुधा हातावर पोट असलेला: दुकानातला पोऱ्या, मेसमधल्या मावशी, टेबल लँडवरचा घोडेवाला, नाहीतर खाऊचे पैसे साठवणारी शाळेतली मुलं. माया भरपूर, खिशात दोन-पाचशे रुपये. हे लिहिणं त्यांच्यासाठी.

सांगायचं ते एवढंच की पैसे थोडे असतील तर पहिला पैसा डॉक्टरांच्या तपासणीवर घाला, औषधावर नंतर. उरलेलं बरंचसं काम कापूस, मीठ-पाणी, ऊब आणि वेळेवरचं खाणं यांवर भागतं, आणि ते घरात करता येतं.

तपासणी आधी का, ते समजून घ्या. पिल्लांचे डोळे येतात ते बहुतेक वेळा मांजरांच्या सर्दीतून. तिच्यामागे हर्पिस किंवा कॅलिसी हे विषाणू असतात, क्लॅमिडियासारखे जिवाणू असतात, कधी दोन्ही एकदम. बाहेरून सगळ्यांचं रूप सारखंच: लाली, सूज, पू. पण हर्पिस बुबुळाचा वरचा पापुद्रा खातो आणि तिथं व्रण पडतो. तो साध्या नजरेला दिसेलच असं नाही. डॉक्टर डोळ्यात एक रंगीत द्रव्य घालतात. व्रण असला तर तेवढीच जागा हिरवी चमकते. मिनिटाभराचं काम आहे. त्यासाठी डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘बुबुळावर व्रण आहे का, ते बघता का?’

आता घरातल्या बाटलीविषयी. कुणाचे तरी डोळे आले होते तेव्हाचा ड्रॉप कपाटात उरलेला असतो आणि तोच पिल्लाला घातला जातो. आपल्याकडच्या अशा पुष्कळ ड्रॉपांत प्रतिजैविकासोबत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं लाली दोन दिवसांत उतरते आणि माणूस निर्धास्त होतो. व्रण मात्र आत खोल जात राहतो, बुबुळ फुटतंही. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसलं तर ती बाटली पिल्लाजवळ नेऊ नका. ड्रॉपच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ असेल तर जास्तच सावध राहा. हळद, मध, गुलाबपाणी, दूध, तुरटी यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, थोड्याशानंही जीव जातो.

मग जायचं कुठं? आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथं गाई-म्हशी आणि शेळ्यांची गर्दी असते म्हणून मांजर न्यायला लोक संकोचतात. संकोचू नका, केसपेपर काढा, शुल्क नाममात्र असतं. डॉक्टर गावोगाव फेरीवर असतात, म्हणून आधी फोन करून वेळ विचारून घ्या. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मुख्यतः पशुपालकांसाठी आहे. तरी जवळचा दवाखाना कुठला आणि डॉक्टर कधी भेटतील, हे तिथं विचारून बघायला काहीच लागत नाही. वर सोय झाली नाही तर पसरणी घाट उतरून वाई आहे, पुढे सातारा आहे.

प्रकरण अवघड वाटलं, बुबुळ पांढुरकं झालं किंवा शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तर शिरवळ लक्षात ठेवा. वाईवरून सुरूर फाट्याला महामार्ग धरायचा, खंबाटकी ओलांडली की पुढे शिरवळ. प्रतिसरकारवाल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात तिथं आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं हे महाविद्यालय. शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे तज्ज्ञ तिथं एका ठिकाणी भेटतात. निघण्यापूर्वी फोन करून बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारा, म्हणजे भाडं वाया जाणार नाही. पिल्लू भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली जुना टॉवेल घालून न्या. वडापनं जा की एसटीनं, चालकाला किंवा वाहकाला आधी सांगून बसा.

दवाखान्यात खर्चाची गोष्ट मोकळेपणानं काढा. ‘डॉक्टर, माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. आज काय केल्याशिवाय चालणार नाही आणि काय चार दिवसांनी केलं तरी चालेल?’ असं सरळ विचारलं की बहुतेक डॉक्टर त्या हिशेबानं सांगतात. औषधाचं मूळ नाव लिहून मागा. डोळ्यांचे कितीतरी साधे ड्रॉप माणसांचे आणि मांजरांचे तेच असतात. मूळ नाव हाताशी असलं तर जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळू शकतं. हर्पिसवर गुणकारी म्हणून लायसिनची पावडर सुचवली जाते. २०१५ साली या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मांजरांना तिचा उपयोग होत असल्याचं दिसलं नाही. ते पैसे अंड्याला आणि चिकनला ठेवा.

आता घरचं काम. अर्धा लिटर पाणी चांगलं उकळा, त्यात चहाच्या सपाट चमच्याहून किंचित कमी मीठ विरघळवा आणि झाकून कोमट होऊ द्या. रोज ताजं करा. नाहीतर मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची लहान बाटली आणा. हात धुवा, पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवा. ओला कोमट बोळा मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर नुसता धरा. खपली भिजली की नाकाकडून कानाकडे हलकेच पुसा. ओढायचं नाही, नखानं खरवडायचं नाही. प्रत्येक पुसण्याला नवा बोळा, आणि एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. आधी सफाई, मग ड्रॉप. बाटलीचं टोक डोळ्याला टेकू देऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि डोळा छान दिसू लागला तरी सांगितलेले दिवस पुरे करा. अर्ध्यावर सोडलेलं औषध पुन्हा पहिल्यापासून विकत घ्यावं लागतं.

पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्याआधीच मिटलेली पापणी फुगलेली दिसली तर आत पू साचलेला असू शकतो. ती स्वतः उघडायला जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळ्याइतकंच पोटाकडे बघा. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. नाक कोमट बोळ्यानं मोकळं करा, खाणं थोडं कोमट करून द्या. महिन्याच्या पुढच्या पिल्लाला उकडलेलं चिकन किंवा अंडं बारीक करून चालतं. गाईच्या दुधानं हगवण लागते. त्याहून लहान पिल्लाला मांजराच्या पिल्लांसाठीचं दूधच लागतं, आणि ते पोटावर ठेवून पाजायचं, उताणं करून नाही. अंग गार असलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग खाणं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल. वाण्याच्या काट्यावर रोज वजन बघा. वाढत असेल तर बरं चाललंय. दोन दिवस घटत असेल तर डॉक्टरांना कळवा.

बुबुळ निळसर-पांढरं झालं, डोळ्यातून रक्त आलं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटला, पिल्लू तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं किंवा अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर उद्यावर टाकू नका. आणि एक डोळा गेलाच, तर आशा सोडू नका. एका डोळ्याची मांजरं घरात व्यवस्थित जगतात.

घरात दुसरी मांजरं असतील तर पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी, हात धुणं पक्कं. पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. तिथं ती मोफत मिळते. हा खर्च नाही म्हणून तरी टाळू नका.

आपला भाग जंगलाला लागून आहे, त्यामुळे आणखी एक सांगणं. रानाच्या कडेला किंवा उसाच्या फडात सापडलेलं ठिपक्यांचं पिल्लू वाघाटीचं असू शकतं. वाघाटी ही जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, आणि कायद्यानं संरक्षित. तसा संशय आला तर घरी आणू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. आई जवळपास असते आणि वनखातं बहुधा पिल्लाची तिच्याशी गाठ घालून देतं.

पैसे कमीच पडले तर वर्गणी काढायला लाजू नका, पण रीत नीट ठेवा. जमलेली रक्कम शक्यतो थेट दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये भरा, पावतीचा फोटो देणाऱ्यांना पाठवा, उरलेले पैसे पुढच्या पिल्लासाठी राखून ठेवा. फ्रेडी मर्क्युरी लहानपणी इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे पाचगणीकर पर्यटकांना हौसेनं सांगतात. त्याचं मांजरवेड जगाला माहीत आहे. आपल्या डिलायला या मांजरीवर त्यानं गाणं केलं, ते १९९१ च्या अल्बममध्ये आलं. त्या कौतुकातला थोडा भाग आपल्या गल्लीतल्या मांजरांनाही मिळायला हवा. हॉटेलवाले, शाळा आणि दुकानदार यांनी मिळून एक खोकं, सलाइनची बाटली, कापूस, टॉवेल आणि भिंतीवर डॉक्टरांचा नंबर एवढं एका ठिकाणी ठेवलं तर त्याला वर्षभरात फार पैसे लागणार नाहीत.

तुमच्याकडे आज चिकटलेल्या डोळ्यांचं पिल्लू असेल तर ड्रॉप शोधत बसू नका. आधी दवाखान्यात फोन करा.