मूस आणि तराजू

कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला येणाऱ्या मंडळींत किमयेचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पाऱ्याचे सोने करू पाहणारे सारे भोंदू. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध काय? दुसरा म्हणतो, आपल्या रसशास्त्रात सगळे आधीच होते. दोन्ही मते मला मान्य नाहीत.

पहिल्या पक्षाने ‘रसरत्नसमुच्चय’ उघडावा. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो कधीच छापला आहे. त्यात जस्त काढण्याची रीत आहे: रसक हे खनिज हळद, हिरडा, राळ, काजळी, टाकणखार यांच्यासह घोटायचे, वांग्याच्या घाटाच्या मुशीत भरून भट्टीत तापवायचे आणि निळी ज्योत पांढरी झाली की मूस सांडशीने उचलून रस ओतायचा. भोंदूला ज्योतीचा रंग टिपून ठेवायची गरज काय? जस्त ९०७ अंशांना उकळते. खनिजातून सुटते तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून जाते. ते हाती धरणे हे कसबाचे काम. युरोपात मार्गग्राफने जस्त वेगळे काढून दाखवले १७४६ साली. राजस्थानात झावरच्या भट्ट्या त्याआधी कित्येक शतके पेटत होत्या. युरोपातल्या किमयागारांचेही हेच. ब्रांट १६६९ मध्ये मूत्र आटवत बसला सोन्यासाठी, मिळाला फॉस्फरस.

आता दुसरा पक्ष. रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. हळद-हिरड्यातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, हे त्या ग्रंथात नाही. लाव्हाझिएने १७७४ साली बंद भांड्यात कथील तापवले. वजन तेवढेच राहिले. भांडे उघडून हवा आत शिरली तेव्हा वाढले. आधुनिक रसायनशास्त्र उभे राहिले ते अशा तोलून पाहण्यावर. पण तापवायची, गाळायची, ऊर्ध्वपातनाची भांडी आणि ती हाताळणारे हात त्याला किमयागारांनीच दिले.

मग आपल्याकडे पुढची पायरी का आली नाही? प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात यावर बोट ठेवले: कारागिराचा हात आणि शास्त्र्याचे डोके यांची जातीने फारकत केली. मला हे उत्तर पटते, आणि ते आजही बोचते. सराफांच्या गुजरीतला कारागीर टाकणखार रोज वापरतो. कॉलेजातला मुलगा त्याचे सूत्र पाठ करतो. दोघांची गाठ पडत नाही. कोल्हापूरच्या प्राध्यापकांनी एकदा तरी आपला वर्ग हुपरीला चांदीच्या आटणीवर न्यावा, कारागिराला शिकवायला सांगावे, आणि जाताना तराजू बरोबर घ्यावा.