कोडचा सातबारा टीमच्या नावावर ठेवा

पेडगावात घरी बसून असो, परभणीतल्या भाड्याच्या खोलीत असो की पुण्यातली नोकरी सांभाळून रात्री असो, दोघातिघांनी मिळून कृषी सेवा केंद्राचं बिलिंग, दूध संकलनाचा हिशोब किंवा पतसंस्थेची खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येक टीमला माझी कळकळीची विनंती आहे. कोड झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं आजपासून बंद करा. पेनड्राइव्हवरच्या ‘फायनल’ फोल्डरचा भरवसाही सोडा. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत ठेवा आणि तो ठेवण्यासाठी ऑनलाइन सेवा विचार करून निवडा. निवडताना पहिला प्रश्न असा विचारा: उद्या इथून निघायचं ठरलं, तर आपलं सगळं बरोबर घेऊन निघता येईल का?

हा प्रश्न आधी विचारायचा, कारण सेवा कायम तशीच राहत नाही. गूगलसारख्या कंपनीने आपली ‘गूगल कोड’ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. बिटबकेट २००८ मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्याच प्रणालीसाठी सुरू झालं होतं, पण २०२० मध्ये त्यांनी मर्क्युरिअलच काढून टाकलं. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधनं आली. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्या यादीत गिटहबचं नाव होतं. या कंपन्या वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पण निर्णय त्यांचा किंवा सरकारचा असतो आणि भोगावं आपल्याला लागतं, म्हणून तयारी आपली असायला हवी.

ही तयारी सोपी आहे, ती गिटच्या रचनेमुळे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, तेव्हापासून त्याचा गुण हाच की क्लोन केलेल्या प्रत्येक प्रतीत पूर्ण इतिहास असतो. रेंज गेली, लाइट गेली, तरी लॅपटॉपवर कमिट करत राहा. नेटवर्क आलं की पुश करा. गावातून काम करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र बगच्या नोंदी, कोड तपासतानाची चर्चा, कोणाला काय परवानगी आहे आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचे निकाल हे सगळं सेवेच्या डेटाबेसमध्ये असतं, तुमच्या क्लोनमध्ये नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी ऐनवेळी कामी आल्या नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कोडच्या रिपॉझिटरी वाचल्या, गेल्या त्या नोंदी आणि चर्चा. म्हणून सेवा घेण्याआधी एक छोटा प्रकल्प टाकून बघा, चार नोंदी करा आणि त्या बाहेर काढता येतात का ते तपासा.

आता नावांचं बोलू. गिटहब बहुतेक नवशिक्यांना माहीत असतं, शिवाय इतरांचा खुला कोड वाचायला मिळतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट तिथेच आहे. त्यात बदल कसा सुचवतात आणि कसा तपासतात ते जरूर बघा. गिटलॅबची खुली आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, त्यामुळे बाहेर पडायची वाट जास्त मोकळी आहे. ग्राहक कामांच्या नोंदींसाठी आधीच जिरा वापरत असेल, तर बिटबकेट सोयीचं. बर्लिनची कोडबर्ग ही ना-नफा संस्था चांगली आहे, पण ती खुल्या प्रकल्पांसाठी. ग्राहकाचा खासगी कोड तिथे ठेवू नका. फुकट योजनेतली माणसांची आणि चाचण्यांच्या मिनिटांची मर्यादा बदलत राहते, म्हणून अटी स्वतः वाचा. माझा सल्ला असा: लहान टीमने गिटहब किंवा गिटलॅब यांपैकी सगळ्यांना जमेल ते घ्यावं आणि वाद घालण्यात वेळ घालवू नये. घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा सर्व्हर चालवण्याच्या मोहात पडू नका. अपडेट, बॅकअप आणि वीज यांची जबाबदारी रोज कोण घेणार याचं उत्तर नसेल, तर तो मार्ग तुमचा नाही.

सेवेपेक्षाही महत्त्वाचा आहे मालकीचा प्रश्न. शेत तिघांनी कसायचं आणि सातबारा एकाच्याच नावावर ठेवायचा, असं कोडचं होऊ देऊ नका. रिपॉझिटरी एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर न ठेवता टीमच्या नावाने ऑर्गनायझेशन किंवा ग्रुप उघडा. मालकीचे अधिकार किमान दोघांकडे असू द्या. प्रत्येकाने टू-फॅक्टर सुरू करावं आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवावेत. एखादा सोबती नोकरीला लागून निघून गेला, तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. त्यात अविश्वास नाही, शिस्त आहे.

रिपॉझिटरी खासगी आहे म्हणून तिच्यात पासवर्ड ठेवू नका. २०१६ मध्ये चोरांना उबरच्या खासगी रिपॉझिटरीत क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. पासवर्ड चुकून गेलाच, तर फाइलमधून पुसून भागत नाही. तो इतिहासात राहतो. पासवर्डच लगेच बदला. पतसंस्थेच्या खातेदारांची नावं आणि मोबाइल नंबर तर चाचणीसाठीसुद्धा कोडबरोबर ठेवू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या आधीपासूनच ती माणुसकीची गोष्ट आहे.

येत्या रविवारी टीमने एकत्र बसावं. ऑर्गनायझेशन उघडा, दुसरा मालक नेमा, टू-फॅक्टर लावा. मग मिरर क्लोन काढून तो वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि हे दर आठवड्याला करा. शेवटी ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून सॉफ्टवेअर खरंच चालतं का ते बघा. चाललं, तर तुम्ही निवडलेली सेवा योग्य आहे. नाही चाललं, तर उणीव कुठे आहे ते त्याच दिवशी शोधा आणि भरून काढा, कारण तुमच्या कोडवर ज्याचं दुकान चालतं, त्याला सोमवारी सकाळी शटर उघडायचं असतं.