घरची मोटार आणि घरचे हात

मोटारीचें काम मिस्त्रीचें, आपलें नव्हे, असें आपल्या सुशिक्षित घरांतून फार काळ मानलें गेलें. हल्लीं तरुण मंडळी स्वतः पाने हातीं घेऊं लागली आहेत, हें मला इष्ट वाटतें. मात्र कोणत्या कामांत एकट्यानें हात घालावा व कोणत्या कामांत जाणता मनुष्य शेजारीं असावा, याचा विवेक हवा. ज्या घरीं कुर्ल्याच्या कारखान्यांतली जुनी प्रीमियर पद्मिनी अद्याप जपून ठेविली आहे, तेथें तर तो अधिकच हवा.

आरंभ सेल्फपासून करावा. 1912 सालीं चार्ल्स केटरिंगच्या योजनेनें कॅडिलॅक मोटारींत विजेचा सेल्फ आला. त्यापूर्वीं दांडा फिरवितांना उलटा हिसका बसून मनगटें मोडत. किल्ली फिरवितांच सेल्फचें लहान दंतचक्र इंजिनाच्या मोठ्या दंतचक्रांत अडकून त्यास फिरवितें. त्या क्षणीं बॅटरींतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह जातो. म्हणूनच दोष पुष्कळदां सेल्फांत नसून बॅटरीच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या क्षारांत असतो. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदींच मंदावले तर आधीं बॅटरी व तिचीं टोकें पाहावींत. दिवे तसेच राहून नुसतें ‘टक्’ झालें तर सेल्फकडे वळावें. टोकें सोडवितांना ऋण टोक प्रथम, जोडतांना तेंच शेवटीं. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें तीं स्वच्छ होतात.

ब्रेकची गोष्ट निराळी. सेल्फ बिघडला तर गाडी दारांत उभी राहते, एवढेंच. पद्मिनीच्या चारही चाकांस ड्रम ब्रेक आहेत, आणि नाशिककरांस मुंबईस जातांना कसारा घाट उतरावा लागतो. पाय ब्रेकवर सतत दाबून उतरल्यास ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर सरतो. लायनरची पकडही सुटते. ब्रेक ऑईल जुनें असेल तर त्यानें शोषलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागतें. (नांव ऑईल असलें तरी तें तेल नव्हे, त्या जागीं इंजिनाचें तेल ओतल्यास आंतील रबर फुगून नासतें.) घाट खालच्या गिअरांतच उतरावा.

लायनर घरीं बदलावयाचे असल्यास गाडी केवळ जॅकवर ठेवूं नये. भक्कम स्टँड द्यावे व उरलेल्या चाकांस दगड लावावे. एका वेळीं एकच चाक उघडावें, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी दुसऱ्या बाजूस पाहून ताडतां येते. ड्रमांतील धूळ फुंकूं नये! जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, व तें फुप्फुसांत जाऊन वर्षांनुवर्षांनीं कर्करोग उत्पन्न करतें. ओल्या फडक्यानें ती टिपावी, फडकें पिशवींत बांधून टाकावें आणि मुलांस ओसरीवरच थांबवावें. व्हील सिलिंडर गळत असेल तर मात्र काम तेथेंच थांबवून मिस्त्रीस बोलवावें.

जोडणी झाल्यावर ब्रेक प्रथम गल्लींत, चालण्याच्या वेगानें तपासावा. मग मोकळ्या गंगापूर रस्त्यावर. घाटाचा बेत निदान आठवडाभर पुढें ढकलावा, व त्या आठवड्यांत ब्रेक ऑईलची पातळी रोज सकाळीं पाहावी.